माठातलं पाणी गार का लागेना? : जतचा उन्हाळा आणि वळीव



एप्रिल संपत आलेला आहे. सकाळची शाळा सुटून तुम्ही साडेअकराला घरी येता, दप्तर कोपऱ्यात टाकता आणि थेट माठाकडे जाता. गेले आठ-दहा दिवस पाणी कसं दाताला लागेल इतकं गार होतं. आज मात्र कोमट! माठ तोच, कोपरा तोच, ऊन तर कालपेक्षा जरा कमीच वाटतंय. आई म्हणते, माठ जुना झाला, पाझरायचा बंद झाला असेल. आजी मात्र दारात येऊन आभाळाकडं बघते आणि सांगते, "वाळवण आवरा रे पोरांनो, आज वळीव येतोय."

आजीने कुठलंही अ‍ॅप उघडलेलं नाही. मग तिला कळलं कसं? आजच्या पाठात आपण एवढीच गोष्ट समजून घेणार आहोत. ती समजली की जतचा कडक उन्हाळा आणि त्यातला वळवाचा पाऊस ही दोन वेगवेगळी प्रकरणं नाहीत, हेही आपोआप लक्षात येईल.

पुस्तकात "उन्हाळा" हा पाठ एका पानात आटोपतो. आपल्याकडे तो फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होऊन जूनपर्यंत चालतो. जत तालुका सांगली जिल्ह्याच्या अगदी पूर्वेला, कर्नाटकच्या सीमेला टेकलेला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तेच ढग डोंगर ओलांडून आपल्याकडे येईपर्यंत रिकामे झालेले असतात आणि आपल्या वाट्याला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, हे तुम्ही भूगोलात शिकलात. म्हणून आपल्याकडे आभाळाकडे बघणं हा रिकामटेकड्यांचा छंद नाही, ते रोजचं काम आहे.

माझ्या ओळखीत हवामानाचा नाद असलेली तीन-चार माणसं आहेत. एक बेदाणा शेडवाले आहेत. ते रोज दुपारी एकला शेडच्या मागे जाऊन पूर्वेकडं बघतात. एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी तापमापी बघून वहीत कमाल-किमान आकडे लिहितात. एक मेंढपाळ आहेत. त्यांच्याकडे वही नाही, पण वारा कुठून कुठे वळला हे त्यांना झोपेतही कळतं. आणि एक कॉलेजचा मुलगा आहे, तो मोबाइलवर उपग्रहाची चित्रं बघून सगळ्यांना सांगत बसतो. चौघांचे अंदाज कधी जुळतात, कधी चौघंही तोंडघशी पडतात. पण चौघं बघतात त्याच तीन गोष्टी: ऊन, वारा आणि हवेतला ओलावा.

आधी ऊन बघू

सूर्य डोक्यावर आला असं आपण रोज दुपारी म्हणतो, पण बरोबर डोक्यावर तो वर्षातून दोनच दिवस येतो. जतचं अक्षवृत्त सुमारे १७ अंश उत्तर. त्यामुळे साधारण ८ मेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य आपल्या माथ्यावर येतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराला पाचेक मिनिटं कमी असताना अंगणात एक सरळ काठी उभी करा. काठीची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. याला शून्य सावली दिवस म्हणतात. ऑगस्टमध्ये बहुधा ढग असतात, म्हणून मे महिन्यातली संधी सोडू नका.

सूर्य माथ्यावर, आभाळ निरभ्र, जमीन कोरडी आणि झाडोरा कमी. अशा वेळी माळरान तव्यासारखं तापतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हवामान खातं जे तापमान सांगतं ते उन्हातलं नसतं. पांढऱ्या रंगाची, फटींची एक लाकडी पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवलेली असते. आत सावली असते आणि वारा खेळता असतो. त्या पेटीतल्या हवेचं तापमान म्हणजे बातमीतलं तापमान. त्यात ४१ अंश असेल तेव्हा उघड्या मुरमाचा पृष्ठभाग पन्नाशीच्या पुढे गेलेला असतो. पत्र्याच्या खोलीतली गत वेगळी सांगायला नको. आणि मोबाइलवर दिसणारा "जत ४०" हा आकडा तर पुष्कळदा गणिताने काढलेला असतो. तुमच्या अंगणात कुणी तापमापी लावलेली नसते.

उष्णतेची लाट कधी म्हणायची, याचेही नियम आहेत. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वर हवं. फरक ६.४ अंशांहून जास्त झाला तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४५ ला गेला तर लाट आणि ४७ ला गेला तर तीव्र लाट. आता गणित करा. एखाद्या गावाची मे महिन्यातली सरासरी ३९ अंश असेल, तर लाट म्हणवून घ्यायला ४३.५ अंश लागतील. म्हणजे ४२ अंशांत घामाघूम झालेल्या माणसाला बातमीत "लाट नाही" असंच ऐकायला मिळणार! नियम चुकीचा नाही, तो तुलनेसाठी केलेला आहे. पण आपलं शरीर सरासरी बघून तापत नाही, हे विसरू नका.

माठ हे यंत्र आहे

आता आपल्या माठाकडे परत येऊ. माठाला बारीक छिद्रं असतात. पाणी झिरपून बाहेर येतं आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होतं. हे तुम्हाला पाठ आहे. पण वाफ किती वेगाने होईल, हे कशावर ठरतं? केवळ उन्हावर नाही. हवेत आधीच किती बाष्प आहे, यावर ठरतं. कोरडी हवा तहानलेली असते, ती पाणी भराभर ओढून घेते. दमट हवेचं पोट भरलेलं असतं.

घरी एक यंत्र करून बघा. शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तसल्या दोन तापमापी घ्या (तापाची तापमापी नको, ती या कामाची नाही). दोन्ही ओसरीत सावलीला, भिंतीपासून थोड्या दूर टांगा. एकीच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळा आणि पट्टीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. कोरडी तापमापी हवेचं तापमान सांगेल, ओली तापमापी सांगेल की घाम किंवा माठ जास्तीत जास्त किती थंड करू शकतो. ओल्या तापमापीला थोडा वारा घाला आणि आकडा स्थिर झाला की वाचा.

एप्रिलमधल्या एखाद्या खडखडीत दुपारी कोरडी ४१ आणि ओली २१ दाखवेल. वीस अंशांचा फरक! माठाचं पाणी गारेगार. पण वारा फिरून हवा दमट झाली की कोरडी ३८ आणि ओली २७ असं दिसेल. पारा तीन अंशांनी उतरला, तरी माठ सहा अंशांनी तापला. आजीच्या हाताला हाच सहा अंशांचा फरक कळला होता. तिने त्याला "आर्द्रता" म्हटलं नाही, एवढंच.

तिसरी चाचणी आणखी सोपी आहे. स्टीलच्या पेल्यात पाणी घ्या आणि हळूहळू बर्फाचं पाणी मिसळत ढवळत राहा. पेल्याच्या बाहेरून ज्या क्षणी धुकट ओल धरेल, त्या वेळचं पाण्याचं तापमान वाचा. हा झाला दवबिंदू. वरच्या कोरड्या दिवशी तो १० अंशांच्या आसपास येईल, दमट दिवशी २३ च्या आसपास. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. जे माठाचं, तेच तुमच्या अंगाचं. आपण घामाने थंड होतो. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून ३८ अंशही जिवावर बेतू शकतात. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघर इथे मोकळ्या मैदानात एक मोठा कार्यक्रम झाला. लोक कित्येक तास उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ जण दगावले. तिथला पारा चाळिशीच्या खालीच होता. जतच्या माणसाला ३८ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण कोरडे ४१ सोसण्याची सवय दमट ३८ ला पुरी पडतेच असं नाही. विशेषतः वळवाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत रानात काम करणाऱ्यांनी जपायला हवं. त्या दिवसांत रात्रीही गारवा नसतो, ढगांमुळे किमान तापमान वर राहतं आणि शरीराला विसावा मिळत नाही.

कुणाला गरगरायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसावं असं तापलं, तर तो उष्माघात समजा. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला, मान, काख आणि जांघेत गार ओली फडकी ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. शुद्धीवर असेल तर ओआरएस, ताक किंवा मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं द्या.

वारा फिरतो म्हणजे काय होतं?

मार्चपासून आपल्याकडे बहुतेक दिवस पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून वारा वाहतो. वायव्येचा वारा गुजरात-राजस्थानच्या तापलेल्या जमिनीवरून आलेला, कोरडा ठणठणीत. तो टिकून राहिला की पारा चढत जातो. दुसरीकडे बंगालच्या उपसागराकडून आणि दक्षिणेकडून दमट वारं आत सरकत असतं. हे दोन वारे जिथे भेटतात, ती रेषा उन्हाळ्यात पुष्कळदा विदर्भ, मराठवाडा, अंतर्गत कर्नाटक आणि पुढे तमिळनाडूकडे अशी तिरकी पडलेली असते. वर्तमानपत्रात "द्रोणीय स्थिती" किंवा "खंडित वारे" असे शब्द येतात ना, ते हेच. नकाशा काढून बघा, ही रेषा आपल्या अगदी दाराशी आहे. ती थोडी पूर्वेला सरकली की आपण कोरड्या वाऱ्याच्या ताब्यात, म्हणजे उन्हाचा कडाका. पश्चिमेला सरकली की दमट वाऱ्याच्या ताब्यात, म्हणजे उकाडा आणि मग वळीव. म्हणून म्हटलं, ही दोन प्रकरणं नाहीत. एकाच तापलेल्या जमिनीवर कोणता वारा येतो, यावर सगळं ठरतं.

मेंढपाळ म्हणतात, "वारं पडलं की समजायचं." खरं आहे. सकाळभर वाहणारा पश्चिमेचा वारा बाराच्या सुमारास पडतो, पान हलत नाही, अंगाला चिकटा सुटतो आणि मग आग्नेयेकडून हलकी झुळूक येते. ही खूण मोबाइलपेक्षा आधी दिसते.

तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. वर जाताना दर किलोमीटरला ती साधारण १० अंशांनी थंड होते. थंड होता होता दवबिंदूला पोचली की ढग धरतो. हा ढग जमिनीपासून किती उंचीवर सुरू होईल, हे काढायचा सोपा हिशेब आहे: हवेचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५. उत्तर मीटरमध्ये येतं. मघाचे आकडे घालून बघू. कोरडा दिवस: ४१ वजा १० म्हणजे ३१, गुणिले १२५, म्हणजे ३,८७५ मीटर. दमट दिवस: ३८ वजा २३ म्हणजे १५, गुणिले १२५, म्हणजे १,८७५ मीटर. एका दिवशी ढगाचा तळ जवळजवळ चार किलोमीटरवर, दुसऱ्या दिवशी दोनच्याही खाली!

आता तुम्हाला एक जुनं कोडं सुटेल. जतमध्ये कितीतरी वेळा आभाळ भरून येतं, गडगडतं, ढगाखाली पावसाच्या झिरमिळ्या लोंबताना दिसतात, पण जमिनीवर थेंब नाही. नुसतं वारं सुटतं, डोळ्यांत धूळ, पत्रे खडखडतात आणि खेळ खलास. लोक म्हणतात, "हुलकावणी दिली." झालेलं असं असतं की ढगाचा तळ फार उंचावर होता आणि खालची हवा कोरडी होती. पाऊस पडला, पण वाटेतच त्याची वाफ झाली. त्या वाफेने हवा थंड केली (पुन्हा माठच!), थंड हवा जड झाली, दणकन खाली आदळली आणि जमिनीवर चहूकडे पसरली. तेच ते वारं. म्हणजे हुलकावणीचा ढग निरुपद्रवी नसतो. बेदाण्याच्या शेडचं कापड फाडणारं आणि पत्रे उडवणारं वारं अशाच ढगातून येतं. पाऊस आला नाही, तरी वीज याही ढगातून पडते.

ओलावा भरपूर असेल तर मात्र ढग थांबत नाही. दुपारी एकला कापसाच्या पुंजक्यासारखा असतो, दोनला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगतो आणि चारपर्यंत त्याचं डोकं १२ ते १५ किलोमीटर उंच जाऊन ऐरणीसारखं चपटं पसरतं. आपल्या डोक्यावर चाळीस अंश आणि ढगाच्या माथ्याला गोठणबिंदूच्या पन्नास-साठ अंश खाली! उन्हाळ्यात साधारण साडेचार-पाच किलोमीटरच्या वर पाणी गोठायला लागतं. वर चढणाऱ्या जोरदार हवेत बर्फाचे कण खालीवर होत राहतात, त्यांच्यावर थंड पाण्याचे थर चढतात आणि वजन पेलेनासं झालं की गार पडते. सापडली तर गार मधोमध कापून बघा, कांद्यासारखे थर दिसतात.

वळीव आपल्याकडे बहुतेकदा पूर्वेच्या किंवा आग्नेयेच्या अंगाने चढून येतो, तर मोसमी पाऊस पश्चिमेकडून. हे "बहुतेकदा" तुमच्या गावाला किती लागू पडतं, ते वहीवरूनच कळेल.

इथे "अवकाळी" या शब्दाबद्दल थोडं बोलतो, कारण हल्ली तो सरसकट वापरला जातो. जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षाच्या घडांवर पडलेला पाऊस अवकाळी, कारण तो त्याचा काळ नाही. पण एप्रिल-मेमधला वळीव अवकाळी कसा? तो पूर्वापार याच दिवसांत येतो. नांगरटीला, चाऱ्याला, विहिरीच्या चार हात पाण्याला त्याचाच आधार. त्याने नुकसान होत नाही असं नाही. जत, कवठेमहांकाळ, तासगाव भागात द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या रॅकवर दोनेक आठवडे वाळवतात, तेव्हा बेदाणा होतो. हा हंगाम नेमका फेब्रुवारी ते एप्रिल-मेचा. अर्धवट वाळलेल्या मालावर फटकारा आला की बेदाणा काळा पडतो आणि वर्षाची कमाई दरात मार खाते. म्हणजे वळीव वेळेवरच येतो, आपला मालही त्याच वेळी उघड्यावर असतो. म्हणून ते शेडवाले रोज दुपारी एकला पूर्वेकडं बघतात.

वळीव आणि मोसमी पाऊस यांची गल्लत २०२५ मध्ये पुष्कळांची झाली. त्या मे महिन्यात महाराष्ट्रात वळवाने अक्षरशः झोडपलं आणि त्याच्या पाठोपाठ मान्सून २४ मेला केरळात, २६ मेला मुंबईत पोचला. नेहमीच्या तारखा १ जून आणि ११ जून. कुठे वळीव संपला आणि कुठे मान्सून सुरू झाला, हे कळेना. ढोबळ खूण अशी: वळीव दुपारनंतर, गडगडाटासह, तासाभरात मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. मान्सूनचा वारा मात्र पश्चिमेकडून सलग राहतो, ढग खालून पळतात, गडगडाट कमी आणि रिमझिम कुठल्याही वेळी.

वीज

जतच्या पूर्व भागातल्या पुष्कळ मुलांच्या घरी कन्नड बोलतात. त्यांना पाऊस म्हणजे "मळे", त्यामुळे मराठी मुलं मळ्यात जातात आणि त्यांच्या मळ्यावर मळे येतो! पण कन्नडमध्ये एक सोय छान आहे. चमकते ती "मिंचु", कोसळते ती "सिडिलु" आणि गडगडतो तो "गुडुगु". मराठीत आपण चमकणारी आणि पडणारी दोन्हींना वीजच म्हणतो.

ढगात बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर घासून विद्युतभार वेगळे होतात. भार फार साचला की ठिणगी पडते. तिच्या वाटेवरची हवा क्षणात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते आणि स्फोटासारखी फुगते. तोच गडगडाट. प्रकाश लगेच दिसतो, आवाज मात्र एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो. वीज चमकली की मोजायला लागा. नऊ सेकंदांनी आवाज आला तर ती तीन किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही तिच्या टप्प्यात आहात, तेव्हा आत जायचं आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास आतच थांबायचं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी उष्माघाताने मेलेल्यांची नोंद ७३० आहे. (उष्म्याचे बळी नोंदीत कमी येतात, कारण पुष्कळदा हृदय बंद पडलं एवढंच लिहिलं जातं.) विजेच्या बळींत शेतात आणि रानात काम करणारी माणसं फार असतात.

माझीच गोष्ट सांगतो. एकदा संखच्या रस्त्यावर मोटारसायकलवर होतो. टपोरे थेंब सुरू झाले म्हणून गाडी लावली आणि एका एकट्या लिंबाखाली उभा राहिलो. पलीकडच्या माळावरून एक मेंढपाळ ओरडले, "अहो गुरुजी, झाड सोडा! भिजला तर मरत नाही तुम्ही!" विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ते ऐकावं लागलं. मी निघालो, पुढच्या वस्तीवर पक्क्या घरात जाऊन बसलो. त्या झाडावर वीज पडली नाही. पण म्हणून माझं आधीचं शहाणपण बरोबर ठरत नाही.

माळावरचं एकटं झाड विजेला सगळ्यात सोपं. ती झाडावरून बाजूच्या माणसावर उडी मारते आणि बुंध्यापासून जमिनीतही पसरते. जमिनीत पसरताना जवळ जास्त दाब, दूर कमी. माणसाचे दोन पाय किंवा जनावराचे पुढचे-मागचे पाय यांत अंतर असलं की त्या फरकाने प्रवाह शरीरातून जातो. झाडाखाली दाटीने उभी राहिलेली माडग्याळ मेंढरं एकाच विजेत कशी दगावतात, त्याचं उत्तर हे आहे. म्हणून उघड्यावर सापडलात आणि जवळ काहीच नसेल, तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. पण हा शेवटचा उपाय. पक्कं घर किंवा बंद काचांची चारचाकी हाच खरा आसरा. पत्र्याची उघडी शेड, लोखंडी खांबांचं शेडनेट, तारेचं कुंपण, विहिरीवरची मोटर यांपासून लांब राहा.

दोन समजुती डोक्यातून काढा. पायाळू माणसावर वीज पडते, असं आपल्याकडे म्हणतात. विजेला तुमचा जन्म कसा झाला हे कळत नाही, ती उंची आणि वाट बघते. आणि खिशातला मोबाइल वीज ओढत नाही. चार्जिंगला लावलेला, वायरीने भिंतीला जोडलेला मात्र धोक्याचा. उलट पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं "दामिनी" अ‍ॅप रानात जाणाऱ्याच्या मोबाइलवर असावं. आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर ते इशारा देतं. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा जिल्ह्याचा इशाराही बघत जा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मात्र "उद्या दुपारी अमुक गावात वळीव" असा छातीठोक निरोप कुणी फिरवला तर हसून सोडून द्या.

वही का ठेवायची?

कारण वळीव बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं, असं आपली माणसं उगाच म्हणत नाहीत. वळवाच्या ढगाचा पसारा पुष्कळदा पाच-दहा किलोमीटरचाच. उमदीला ओढा वाहतो आणि संखला धूळ उडते. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडलांत दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत आणि हवामानावर आधारित फळपीक विम्यात त्यांच्या नोंदी धरल्या जातात. पण एका मंडलात कितीतरी गावं येतात. केंद्रापासून आठ किलोमीटरवर झालेला पाऊस केंद्राला कसा दिसणार? तुमच्या गावात त्या दिवशी काय झालं, हे तुमच्या वहीशिवाय कुठेच लिहिलेलं नसतं.

पर्जन्यमापक विकत आणायची गरज नाही. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा काचेचा डबा मोकळ्या अंगणात ठेवा आणि पट्टीने पाण्याची उंची मोजा. २५ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर. दहा फूट बाय दहा फुटांच्या पत्र्यावर ते सव्वादोनशे लिटरांहून जास्त होतं. टँकरची वाट बघणाऱ्या घराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

तारीख टाकताना एक गंमत ध्यानात ठेवा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारी संध्याकाळी पडलेला वळीव त्यांच्या कागदावर बुधवारच्या तारखेला दिसतो. तुमची नोंद आणि त्यांची नोंद जुळली नाही, तर आधी हे तपासा.

आता स्वाध्याय. एका दुपारी एक वाजता तुमची कोरडी तापमापी ४० आणि ओली २४ दाखवते. पेल्याला ओल १७ अंशांवर धरते. माठ ना गार ना कोमट. सकाळचा पश्चिमेचा वारा पडलाय आणि पूर्वेला दोन ढग फ्लॉवरसारखे फुगायला लागलेत. ढगाचा तळ किती उंचीवर असेल ते काढा. पाऊस जमिनीपर्यंत पोचेल की वाटेतच आटेल? शेडवाल्या काकांना तुम्ही काय सांगाल, ताडपत्री ओढायची की नाही? आणि माळावर मेंढरं घेऊन गेलेल्या मामांना?

उत्तर वहीत लिहा आणि त्याच्याखाली संध्याकाळी खरोखर काय झालं तेही लिहा.